आप्पा ‘मोकळं कर’ म्हणतात तेव्हा

सिस्टर, सा. न. वि. वि.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, ७४ वर्षांचे आहेत. तासगावजवळच्या शाळेत त्यांनी ३४ वर्षं गणित शिकवलं. दोन वर्षांपूर्वी गालाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, तरी तो उलटला आणि आता हाडांत गेलाय. डॉक्टर म्हणाले, ‘दोन-तीन महिने. घरीच ठेवा.’ गालावरच्या जखमेला वास येतो. रात्रभर कण्हतात. गेले पंधरा दिवस मला एकच सांगतात, ‘बाळे, मला मोकळं कर.’ भाऊ मेलबर्नला असतो. तो म्हणतो, इकडे कायदा आहे, आपल्याकडेच माणसाला असं तडफडत का ठेवतात? काका म्हणतात, विनोबांनी अन्नपाणी सोडलं, तसं आप्पांनीही सोडावं. डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणतात, आप्पांना ती नकोय. परवा रात्री अडीच वाजता त्यांच्या गोळ्यांचा डबा हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते. मग डबा ठेवला आणि रडत बसले. मी पापी आहे का? आणि ते मागतात ते देणं चूक कसं?

— एक मुलगी, जि. सांगली

*

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू माझ्या धाकट्या बहिणीएवढी असशील, म्हणून एकेरीच लिहिते.

आधी त्या डब्याचं बोलू. तू पापी नाहीस. कॅन्सरच्या वॉर्डात मी ३१ वर्षं काढली. रात्रपाळीला कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून ‘देवा, सोडव रे यांना’ म्हणणारी माणसं मी किती पाहिली असतील, मोजदाद नाही. बायको, मुलगा, सून, कधी कधी आईसुद्धा. पंधरा रात्री न झोपलेल्या लेकीच्या मनात असा विचार आला, तर त्यात मला तिची दमणूक दिसते आणि माया दिसते. पण तो डबा आता तुझ्या ताब्यात नको. एका दिवसाच्या गोळ्या बाहेर काढायच्या, बाकीच्या कुलपात ठेवायच्या आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यायची. आणि कायद्याचं स्पष्ट सांगते. रुग्णाने स्वतः हात जोडून मागितलं तरी त्याला मरण येईल असं काही देणं हा आपल्याकडे मनुष्यवधाचा गुन्हा आहे, आणि त्याने ते स्वतः घ्यावं म्हणून मदत करणं हाही गुन्हाच. आप्पांची सुटका करायला जाशील आणि तुझ्या मुलांची आई तुरुंगात जाईल. तो विचार पुन्हा आला तर १४४१६ वर फोन लाव. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, रात्रीबेरात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. आणि आज रात्री दुसऱ्या कुणाला तरी आप्पांजवळ बसव आणि तू झोप. काकांना सल्ला देता येतो, तर एक रात्र जागताही येईल.

आता आप्पांचं. ते ‘मोकळं कर’ म्हणतात. कशातून, हे त्यांना कुणी विचारलंय का?

हे विचारायला मला एका पेशंटने शिकवलं. चिपळूणकडचे एसटीचे ड्रायव्हर होते, आजार तुझ्या आप्पांचाच. रोज सकाळी मी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन गेले की म्हणायचे, ‘सिस्टर, आज शेवटचं इंजेक्शन द्या.’ आम्ही सगळे ‘असं बोलू नये काका’ म्हणून विषय बदलायचो. एकदा मी ट्रॉली बाजूला केली, स्टूल ओढलं आणि विचारलं, ‘सगळ्यात जास्त काय सहन होत नाही?’ मला वाटलं, दुखणं म्हणतील. त्यांनी दाराकडे बोट केलं. दारात त्यांचा सहा वर्षांचा नातू शर्टाची कॉलर नाकावर ओढून उभा होता. जखमेच्या वासाने तो आजोबांच्या जवळ यायचा नाही.

या वासावर उपाय आहे, आणि तो महाग नाही. आमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही जखम सलाइनने धुऊन तिच्यावर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची बारीक पूड टाकायला लागलो. जुलाबाला देतात तीच ही साधी गोळी, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. वास करणारे जंतू तिने मरतात. चार-पाच दिवसांत वास उतरला. सहाव्या दिवशी नातू खाटेवर चढून बसला आणि आजोबा त्याला घाटातल्या वळणांची नावं सांगत होते. त्यानंतर ते पाच आठवडे जगले. इंजेक्शन पुन्हा मागितलं नाही. आप्पांच्या जखमेसाठी हे तुमच्या डॉक्टरांना आजच विचार.

दुसरं, दुखणं. तू लिहितेस ‘रात्रभर कण्हतात’, पण वेदनेसाठी नेमकं कुठलं औषध चालू आहे, ते पत्रात नाही. हाडात गेलेल्या कॅन्सरचं दुखणं साध्या गोळीला दाद देत नाही. त्याला मॉर्फिन लागतं. नाव ऐकून घाबरू नकोस. पोटात घ्यायची गोळी असते, तिचा असर साधारण चार तास राहतो, म्हणून दुखायला लागायची वाट न बघता घड्याळ लावून द्यायची. डोस डॉक्टर ठरवतील आणि तेच वाढवतील. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळतं, मग ते कमी होतं. पोट मात्र घट्ट होतंच, त्यामुळे पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. ‘व्यसन लागेल’ असं काका म्हणतील. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत घेणाऱ्याला व्यसनाची भीती बाळगायचं कारण नाही. मॉर्फिनने मरण ओढवतं असंही लोकांना वाटतं. नीट मापात दिलं तर तसं होत नाही, उलट वर्षभराची झोप एका रात्रीत भरून काढणारे पेशंट मी पाहिलेत. आणि एखादं हाड फारच ठणकत असेल तर तेवढ्या जागेवर रेडिएशनचा एकच शेक देऊनही पुष्कळांना आराम पडतो. आधी शेक झालेत म्हणून तो रस्ता बंद झाला असं धरून चालू नका, विचारा.

हे औषध गावच्या दुकानात का मिळत नाही, यामागे मोठी कहाणी आहे, आणि ती सांगताना माझा आवाज अजून चढतो. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला आणि मॉर्फिन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागू लागले. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात यायचा नाही. कित्येक हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडून दिलं. ज्या देशात मॉर्फिनसाठीची अफू पिकते आणि परदेशी जाते, त्या देशातली माणसं उशीत तोंड खुपसून ओरडत गेली. २०१४ साली कायदा बदलला. आता मान्यता मिळालेल्या संस्थेला एकाच परवान्यावर ही औषधं ठेवता येतात. तेव्हा मिरज-सांगलीत जिथे आप्पांचे उपचार झाले, तिथे जाऊन सरळ विचार: ‘मॉर्फिन ठेवणारी जवळची संस्था कुठली? पॅलिएटिव्ह केअर कोण बघतं?’ पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी सेवा. जिल्हा रुग्णालयातही चौकशी कर. ‘आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या’ हे उत्तर मान्य करू नकोस. कॅन्सरवर करण्यासारखं काही उरलं नसेल, आप्पांसाठी पुष्कळ उरलंय. मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून हेच काम करतं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. तुम्हाला इतक्या लांब जायची गरज पडू नये, पण अशा जागा आहेत हे ठाऊक असू दे.

आता भावाचं. तो म्हणतो ते खरं आहे. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात येतं, तिथे जून २०१९ पासून इच्छामरणाचा कायदा आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून, अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये तर १९९७ पासून. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ कॉमन्सने जून २०२५ मध्ये असं विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केलं, त्यावर तिथे केवढा वाद पेटला. पण भावाला तिथल्या अटीही वाचायला सांग. मागणी रुग्णाने स्वतः, शुद्धीत, पुन्हा पुन्हा करायची असते. दोन वेगळ्या डॉक्टरांनी तपासायचं असतं. मुलाने, मुलीने बापाच्या वतीने मागायचं म्हटलं तर तो अर्जच होत नाही. म्हणजे तू तासगावऐवजी मेलबर्नला असतीस, तरी त्या रात्रीचा डबा तिथेही तुला उघडता आला नसता.

आणि ओरेगनची एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. तिथे दरवर्षी अहवाल निघतो, लोकांनी मरण आणणारं औषध का मागितलं ते त्यात लिहिलेलं असतं. वाटतं, पहिलं कारण वेदना असेल. तसं नाही. सगळ्यांत वर असतं ते आपल्या हातात काही न राहणं, आवडीचं काही करता न येणं, लाज वाटण्यासारखी अवस्था होणं. वेदना बरीच खाली. आणि औषध हाती आल्यावर ते न घेताच जाणारेही दरवर्षी बरेच असतात. ते कपाटात आहे, एवढ्यानेच त्यांचा जीव शांत होत असावा.

आयुष्यभर वर्गात फळ्यापुढे उभा राहिलेला तुझा बाप आता पाणी प्यायलाही विचारून पितो. नळी घालायची का, दवाखान्यात न्यायचं का, कूस कधी बदलायची, सगळं दुसरे ठरवतात. त्यांच्या हातात काय परत देता येईल? बरंच काही. आणि त्यातलं सगळ्यात मोठं, नको ते उपचार नाकारायचा हक्क, आपल्या कायद्यात आहे.

ते आपल्याला मिळालं, त्याची सुरुवात परळच्या केईएममधून झाली. अरुणा शानबाग तिथली नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिच्यावर हल्ला झाला आणि त्यानंतर ती जवळजवळ ४२ वर्षं त्याच हॉस्पिटलात पडून राहिली. पत्रकार पिंकी विराणी तिच्यासाठी इच्छामरण मागायला सुप्रीम कोर्टात गेल्या. केईएमच्या सिस्टर्स विरोधात उभ्या राहिल्या, ‘आम्ही तिला सांभाळतो, सांभाळू’ म्हणाल्या. मार्च २०११ मध्ये कोर्टाने सिस्टर्सचं ऐकलं, पण त्याच निकालात जगवणारे उपचार काढून घेण्याचं दार पहिल्यांदा किलकिलं केलं. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. मी त्या पेशातली. ज्या हातांनी तिला इतकी वर्षं भरवलं आणि पुसलं, त्यांच्यापुढे मी आजही वाकते. विराणींनी मागितलं तेही मायेनेच मागितलं होतं, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

मग ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. शुद्धीतल्या सज्ञान माणसाला उपचार नाकारता येतात. आणि पुढे शुद्ध गेली तर काय करू नये, हे आधी लिहून ठेवता येतं. त्याला लिव्हिंग विल म्हणतात. तेव्हा नियम इतके किचकट होते की कुणी फिरकत नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने ते सोपे केले. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपल्या वतीने कुणी बोलायचं, त्यांची नावं लिहायची, एकापेक्षा जास्त लिहिलेली बरी. एक प्रत घरच्या डॉक्टरकडे द्यायची, एक स्थानिक संस्थेच्या अभिरक्षकाकडे, म्हणजे असे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी हायकोर्टात पाठपुरावा केला, त्यानंतर आपल्या राज्यात असे अभिरक्षक नेमले गेले. तुमच्या नगरपरिषदेत किंवा पंचायतीत विचार. शुद्ध हरपलेल्या माणसाचे उपचार थांबवायची वेळ आली, तर हॉस्पिटलातलं डॉक्टरांचं एक मंडळ आणि त्यानंतर दुसरं मंडळ बघतं. शक्यतो प्रत्येकाने ४८ तासांत सांगायचं असतं. घरच्यांची संमती लागते आणि मॅजिस्ट्रेटला कळवतात.

तुमच्या बाबतीत आजच सोपं आहे, कारण आप्पा शुद्धीत आहेत. नळी नको, आयसीयू नको, व्हेंटिलेटर नको, हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही, हे त्यांनी स्वतः डॉक्टरांना सांगावं आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावं. सोबत लिव्हिंग विल करून टाका. गणिताचे मास्तर आहेत, मजकूर त्यांनाच सांगू दे, तू लिहून घे. त्यांना एकेक कलम नीट मांडता येईल. एवढंच कर आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघ.

नळीबद्दल तुझ्या मनात अपराधीपणा असणार, ‘बाप उपाशी जाईल’ म्हणून. शेवटच्या आठवड्यांत शरीर अन्न मागेनासं होतं. भूक मरते. त्या वेळी बळेच घातलेलं अन्न छातीत जातं, अंगावर सूज आणतं. घशातून उतरतंय आणि त्यांना हवंय तोवर चमच्याने पेज, ताक, जे आवडेल ते. नको म्हणाले की चमचा खाली. कोरड मात्र पडू द्यायची नाही. स्वच्छ फडकं पाण्यात भिजवून तासातासाने ओठ आणि जीभ ओली करायची, ओठांना थोडं खोबरेल लावायचं. हे काम नातवंडांना द्या, त्यांनाही जमतं.

काकांना माझं एक सांगणं. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर पवनारला अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि १५ तारखेला ते गेले. तो निर्णय त्यांचा होता. वय ८७, मागे आयुष्यभराची साधना. आश्रमातलं कुणी त्यांच्या कानाशी लागून ‘आता सोडा’ म्हटलं नव्हतं, उलट सगळे विनवत होते. तुमच्या सांगली-कोल्हापुरातल्या जैन घरांमध्ये सल्लेखना, म्हणजे मरण जवळ आल्यावर अन्नपाणी सोडण्याचं व्रत आहे, तीही ज्याची त्याने घ्यायची असते. आप्पांच्या खोलीबाहेर उभं राहून ‘विनोबांसारखं सोडावं’ असं मोठ्याने बोललं, तर आत पडलेल्या माणसाला एवढंच ऐकू येतं की घरातल्यांना मी आता नकोय. आपल्या घरांतून म्हातारी माणसं दिवसातून दहा वेळा ‘माझं ओझं झालंय’ म्हणतात. त्यांना ‘नाही हो’ ऐकायचं असतं.

म्हणूनच या वादात मी कुठे आहे ते सांगते, कारण तू सरळ विचारलंयस. ‘मागतात ते देणं चूक कसं?’ माझ्या वॉर्डात एक वकीलबाई होत्या. कमरेखालचं अंग गेलेलं, पण वेदना पूर्ण ताब्यात होती, जखम नाही, वास नाही, नवरा-मुलगी रात्रंदिवस उशाशी. मी त्यांनाही स्टूल ओढून विचारलं. त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, काही दुखत नाही. माझं सगळं आवरून झालंय. आता कधी जायचं ते मला ठरवू द्या.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर त्या अडीच महिने होत्या आणि ते अडीच महिने त्यांना नको होते. अशा माणसासाठी कायद्याने एक दिवस दार उघडावं, असं मला वाटतं. खूप कड्या-कुलपं लावून, पण उघडावं. त्याआधी मात्र प्रत्येक तालुक्यात मॉर्फिन पोचलं पाहिजे आणि ते द्यायला शिकलेला डॉक्टर आणि नर्स पोचली पाहिजे. दुखणं थांबवायची गोळी मिळत नाही आणि मरायची मिळते, अशी अवस्था या राज्यात आली, तर गरिबाघरचे आप्पा मरण मागतील आणि आपण त्याला त्यांची इच्छा म्हणू. ते मला सहन होणार नाही.

तुझ्या आप्पांनी अजून वकीलबाईंसारखं मागितलेलं नाही. निदान आपल्याला ते कळायला मार्ग नाही, कारण त्यांची वेदना, वास आणि झोप, कशालाच अजून कुणी हात लावलेला नाही. ते आधी करा. दुखणं थांबल्यावरही ते तेच म्हणाले, तर घाबरून खोलीबाहेर पळू नकोस. जवळ बस, ऐक. त्यांना मन मोकळं करायचं असेल, कुणाची माफी मागायची असेल, कुणाला भेटायचं असेल. तसं झालं तर मला पुन्हा लिही.

आणि भावाला फोन कर. कायद्यावर आपण नंतर भांडू, म्हणावं, आधी तिकीट काढ. दोन-तीन महिने म्हणाले असतील डॉक्टर, तरी याच आठवड्यात काढ. आप्पा अजून ओळखतात, बोलतात. एक रात्र तो जागेल, मॉर्फिनची वेळ वहीत लिहील, बापाची कूस बदलेल आणि तू आत जाऊन झोपशील.

तुझी,
सिस्टर